नेपाळला आत्ता जावं का? अस्थिर देशात जायचं की नाही, हे आम्ही कसं ठरवलं

९ सप्टेंबर २०२५ची संध्याकाळ. टीव्हीवर काठमांडूचा सिंहदरबार, म्हणजे तिथलं सरकारचं मुख्यालय, जळत होता आणि आमच्या फ्रिजच्या दारावर पाच जणांची काठमांडूची तिकिटं लावलेली होती. भाऊबीज झाली की पशुपतिनाथ आणि पोखरा, असं जूनपासून ठरलेलं. सासूबाई एकाहत्तर वर्षांच्या. पशुपतिनाथाला वाहायला म्हणून अंगणातल्या बेलाची पानं त्यांनी वहीत घालून ठेवायला सुरुवातही केली होती.

पुढच्या दोन दिवसांत मी ओळखीच्या दहा-बारा जणांना फोन केले. निम्मे म्हणाले, "वेड लागलंय का?" उरलेले म्हणाले, "काही होत नाही हो, बिनधास्त जा." दोन्ही उत्तरं मनापासून दिलेली होती, पण त्यांतून मला कळलं काहीच नाही. मग तीन आठवडे बसून मी हा निर्णय कसा घ्यायचा ते शिकले. आम्ही प्रवास पुढे ढकलला, नोव्हेंबरच्या मध्यावर गेलो आणि दर्शन घेऊन परत आलो. त्या तीन आठवड्यांत जे उमगलं ते इथे क्रमाने लिहिते. उदाहरणं नेपाळची जास्त आहेत, कारण तेच मी जवळून पाहिलंय. पण पद्धत श्रीलंका, बांगलादेश किंवा आणखी कुठल्याही देशाला लावता येईल.

१. प्रश्न बारीक करा

"नेपाळ सुरक्षित आहे का?" या प्रश्नाला उत्तरच नाही. एवढ्या मोठ्या देशात एका चौकात गोळीबार चालू असतो आणि तिथून दोनशे किलोमीटरवर लोक भाताची कापणी करत असतात. म्हणून आधी कागद घ्या आणि चार गोष्टी लिहा: कुठल्या तारखा, कुठली गावं, कुठल्या रस्त्याने, आणि सोबत कोण कोण.

चौथी गोष्ट बहुतेक जण लिहीतच नाहीत, आणि सगळा निर्णय तिच्यावर फिरतो. तुमच्यातला सगळ्यात नाजूक माणूस कोण, हे आधी ठरवा आणि त्याच्या ताकदीप्रमाणे बेत आखा. पंचविशीतला मुलगा विमानतळाच्या फरशीवर दोन रात्री काढेल. माझ्या सासूबाई रक्तदाबाच्या दोन गोळ्या घेतात आणि त्यांना जिना चढताना कठडा लागतो. म्हणून आमचा प्रश्न असा झाला: नोव्हेंबरच्या मध्यावर, मुंबईहून विमानाने काठमांडू, तिथून पोखरा आणि परत, आणि मध्येच अडकलो तर आईंना चार दिवस नीट सांभाळता येईल का? याचं उत्तर शोधता येतं. मुक्तिनाथ आम्ही याच पायरीवर गाळलं. तिथली ३,७०० मीटरची उंची त्यांना झेपली नसती, आणि तिथून घाईने खाली येणं तर त्याहून कठीण. राजकारणाचा त्यात काही संबंध नव्हता.

२. गडबड कोणत्या जातीची आहे ते ओळखा

"राजकीय अस्थिरता" या एका शब्दात फार वेगवेगळ्या गोष्टी कोंबलेल्या असतात. मी तीन प्रश्न विचारते. राग कोणावर आहे? पोलीस, दवाखाने, विमानतळ ही यंत्रणा उभी आहे का? आणि बाहेर पडायची वाट उघडी आहे का?

श्रीलंकेची दोन वर्षं शेजारी ठेवून बघा, म्हणजे मुद्दा लक्षात येईल. २१ एप्रिल २०१९ला, ईस्टरच्या रविवारी, चर्चमध्ये आणि कोलंबोतल्या बड्या हॉटेलांत बॉम्बस्फोट झाले. अडीचशेहून जास्त माणसं गेली, त्यांत परदेशी पाहुणेही होते. त्याआधी रस्त्यावर कसलीही गडबड नव्हती, सरकार जागेवर होतं, सगळं शांत दिसत होतं. २०२२ मध्ये उलट झालं. ९ जुलैला लोक राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानात घुसले, गोटाबाया राजपक्षे देश सोडून गेले, जगभर ती चित्रं दिसली. पण राग राजपक्षे घराण्यावर होता, पाहुण्यांवर नव्हता. पर्यटकांचे हाल झाले ते पेट्रोल-डिझेल मिळेना, वीज तासन्‌तास जायची, यामुळे. टीव्हीवर दुसरं वर्ष जास्त भयंकर दिसलं, पाहुण्याच्या जिवाला धोका पहिल्या वर्षी जास्त होता.

आता नेपाळ. ४ सप्टेंबर २०२५ला सरकारने २६ समाजमाध्यमांवर बंदी घातली. ८ तारखेला तरुण पोरं रस्त्यावर आली. राग फक्त बंदीचा नव्हता; भ्रष्टाचाराचा आणि नेत्यांच्या मुलांच्या ऐषारामाचाही होता. त्या एका दिवसात १९ जण गेले. ९ तारखेला पंतप्रधान के. पी. शर्मा ओली यांनी राजीनामा दिला आणि त्याच दिवशी संसद, सर्वोच्च न्यायालय, सिंहदरबार पेटले. एकूण मृतांचा आकडा पुढे सत्तरच्या वर गेला.

राग पाहुण्यांवर नव्हता, हे खरं. पण एवढ्यावर थांबू नका. काठमांडूतलं हिल्टनसारखं उंच, चकचकीत हॉटेल जाळलं गेलं. दुसऱ्या एका मोठ्या हॉटेलला आग लागली तेव्हा जीव वाचवताना पशुपतिनाथाच्या दर्शनाला आलेल्या एका भारतीय बाईंचा पडून मृत्यू झाला. त्यांच्यावर कोणाचाही राग नव्हता. जमाव श्रीमंतीच्या खुणांवर तुटून पडला आणि त्या तिथे होत्या. म्हणजे राग कोणावर आहे याबरोबरच, तो जिथे उतरेल त्या जागेपासून तुम्ही किती लांब असाल, तेही बघायला हवं. पंचतारांकित हॉटेल म्हणजे जास्त सुरक्षित, हा आपला समज अशा वेळी उलटतो.

दुसरा प्रश्न यंत्रणेचा. त्या दोन दिवसांत तुरुंग फुटले, १३ हजारांहून अधिक कैदी पळाले, पोलीस चौक्या जळल्या, हत्यारं पळवली गेली. म्हणून रस्ता शांत झाला म्हणजे सगळं निवळलं असं धरू नका. आग विझल्यावरचे काही आठवडे मला जास्त काळजीचे वाटतात.

भारतीयांनी आणखी एक प्रश्न वेगळा विचारायचा: तिथे आत्ता भारताविषयी हवा कशी आहे? ब्रिटिश किंवा अमेरिकी पर्यटकांसाठी लिहिलेल्या सल्ल्यात हे येत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये शेख हसीना भारतात आल्यावर बांगलादेशात भारतीय असणं आणि युरोपीय असणं एकसारखं राहिलं नाही. नेपाळमध्येही २०१५ साली सीमेवरची मालवाहतूक अडली तेव्हा लोक भारतावर चिडलेले होते. २०२५चा राग मात्र घरच्या पुढाऱ्यांवर होता.

३. सरकारी सूचना वाचायला शिका

आपलं परराष्ट्र मंत्रालय देशांना आकड्यांच्या पायऱ्या देत नाही. प्रसंग आला की सूचना काढतं, आणि त्या देशातला आपला दूतावास मदतीचे फोन नंबर देतो. ९ सप्टेंबरला मंत्रालयाने सांगितलं की परिस्थिती निवळेपर्यंत नेपाळला जाणं पुढे ढकला, आणि तिथे असलेल्यांनी आहात तिथेच थांबा. असं स्पष्ट वाक्य आलं की वाद संपला. आमच्या घरातला "जाऊच या" पक्ष तिथेच गप्प झाला.

पण आपल्या सूचना थोडक्यात असतात. कुठला जिल्हा, कुठला रस्ता असा तपशील त्यांत फारसा नसतो. त्यासाठी मी आणखी तीन सरकारांची पानं वाचते. अमेरिका चार पायऱ्या सांगते: पहिली नेहमीची काळजी, दुसरी जास्त काळजी, तिसरी जाण्याचा फेरविचार, चौथी जाऊ नका. ऑस्ट्रेलियाच्याही चारच आहेत. ब्रिटनचं पान मला सगळ्यात उपयोगी वाटतं, कारण ते भागवार लिहितं आणि "अत्यावश्यक असेल तरच जा" असं एक वाक्य वापरतं. ते आलं की विमा कंपन्याही जाग्या होतात.

नुसत्या पायरीचा आकडा बघून निष्कर्ष काढू नका. एखाद्या देशाला वर्षानुवर्षं दुसरी पायरी असते आणि लाखो लोक जाऊन येतात. बघायचं ते हे, की पायरी गेल्या महिन्याभरात वर गेली की खाली आली, आणि पान शेवटचं कधी बदललं. तारखेशिवायची सूचना म्हणजे जुनं वर्तमानपत्र.

४. नकाशा उघडा

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. बातम्यांत आलेल्या जागांची नावं लिहून काढा आणि नकाशावर एकेक खूण करा. मी काठमांडूची केली तेव्हा चित्र एकदम स्वच्छ झालं.

आंदोलनं नेहमी ठरावीक जागी होतात: माइतीघर, संसद जिथे भरायची तो नया बानेश्वर, सिंहदरबार, पंतप्रधानांचं बालुवाटार, राष्ट्रपतींचं महाराजगंज. आता विमानतळावरून शहरात जाणारा सरळ रस्ता बघा. तिनकुने, नया बानेश्वर, माइतीघर. म्हणजे विमानतळाचा रस्ता आणि मोर्चाचा रस्ता एकच. २८ मार्च २०२५ला राजेशाहीवाल्यांच्या आंदोलनात दोन जण मेले, तेही या तिनकुन्यालाच, विमानतळापासून हाकेच्या अंतरावर.

हे दिसल्यावर आम्ही थामेल या पर्यटकांच्या भागात ठरवलेलं हॉटेल रद्द केलं आणि गौशाला चौकाजवळ एका साध्या, तीन मजली लॉजमध्ये खोल्या घेतल्या. तिथून पशुपतिनाथ चालत, आणि विमानतळ रिंगरोडने तिलगंगावरून काही मिनिटांत. वाटेत तिनकुनेही लागत नाही, बानेश्वरही नाही. खोल्या पहिल्या मजल्यावर मागितल्या. कारण मी सासूबाईंना सांगितलं नाही, त्यांना जिना कमी चढावा लागला म्हणून त्या खूश होत्या.

तुम्हीही असंच करा. संसद, राष्ट्रपतिभवन, मोठा चौक, विद्यापीठ, सत्ताधारी पक्षाचं कार्यालय यांपासून मुक्काम लांब ठेवा, आणि विमानतळाला जायला निदान दोन वेगळे रस्ते असतील असा निवडा.

५. तारखा तपासा

निवडणुकीचा महिना, गाजलेल्या खटल्याच्या निकालाचा दिवस, एखाद्या गोळीबाराचं वर्षश्राद्ध, नवीन कर लागू होण्याची तारीख. या दिवसांच्या आसपास जाऊ नका, एवढं पुरे. १२ सप्टेंबरला सुशीला कार्की यांनी हंगामी पंतप्रधान म्हणून शपथ घेतली आणि ५ मार्च २०२६ ही निवडणुकीची तारीख जाहीर झाली. सरकारचं नाव ठरणं आणि निवडणुकीचा दिवस ठरणं, या दोन गोष्टी एकत्र आल्या की रस्त्यावरचा जोर बहुधा ओसरतो, कारण भांडायला पुढची तारीख मिळालेली असते. आम्ही त्या दोन टोकांच्या मधला, दोन्हींपासून लांबचा नोव्हेंबर धरला. दसैं आणि तिहार हे त्यांचे मोठे सण तोवर होऊन गेलेले असतात, सगळं पुन्हा नेहमीसारखं चालू होतं.

६. तिथल्या माणसाला फोन करा, पण प्रश्न नीट विचारा

"सब ठीक है ना?" असं विचारलं की "आइये, सब ठीक है" असंच ऐकायला मिळणार. हॉटेलवाल्याचा धंदा दोन महिने बुडालेला असतो, तो दुसरं काय सांगेल? आमच्या पहिल्या सहल कंपनीचा माणूस तर १० सप्टेंबरला, विमानतळ बंद असताना, मला "सगळं नॉर्मल आहे मॅडम" म्हणाला. त्या एका वाक्यावर मी ती कंपनी सोडली.

छोट्या, खोटं बोलायला अवघड अशा गोष्टी विचारा. मी लॉजवाल्या दाइंना (नेपाळीत मोठ्या भावाला दाइ म्हणतात) फोन करून हिंदीत हे विचारलं:

चौकात ट्रॅफिक पोलीस उभा असतो का?
तुमची मुलं शाळेत जातायत का?
रात्री आठला गल्लीतलं दुकान उघडं असतं का?
पेट्रोल पंपावर रांग आहे का?
काल तुमच्याकडे कुठले पाहुणे आले, आणि विमानतळावरून कसे आले?

सप्टेंबरच्या शेवटी पहिल्या प्रश्नाला ते जरा थांबले आणि म्हणाले, "दिदी, दिन में रहता है. रात में कम." त्या अडखळण्यानेच मला विश्वास वाटला. ऑक्टोबरच्या शेवटी पुन्हा केला तेव्हा म्हणाले, पोरगी शाळेत गेली आहे आणि आत्ता खोलीत एक गुजराती कुटुंब जेवतंय. मागून भांड्यांचा आवाज येत होता. जिथे आईबाप मुलांना शाळेत पाठवतात, तिथे दिवस चालू झालेला असतो.

शक्यतो दोन वेगळ्या धंद्यांतल्या माणसांना विचारा. एक पर्यटनावर जगणारा, एक नसणारा. आमच्या ओळखीच्या एका नेपाळी वॉचमनची बहीण काठमांडूला लागून असलेल्या ललितपूरला राहते. तिचं उत्तर आणि दाइंचं उत्तर जुळलं, तेव्हा मी तिकिटाच्या तारखा बदलल्या. आणि इंग्रजीत काठमांडू पोस्ट रोज दहा मिनिटं वाचा. आपल्या वाहिन्या पेटलेली इमारत तीन दिवस दाखवतात, कर्फ्यू उठला ते सांगत नाहीत. काठमांडूतला कर्फ्यू १३ सप्टेंबरलाच उठला होता. इकडे मला आठवडाभराने लोक विचारत होते, "तिकडे अजून जाळपोळ चालू आहे ना?"

७. बाहेर पडायच्या दोन वाटा कागदावर लिहा

९ सप्टेंबरला दुपारी काठमांडूचा त्रिभुवन विमानतळ बंद झाला, तो १० तारखेच्या संध्याकाळी उघडला. म्हणजे साधारण एक दिवस. ऐकायला कमी वाटतो, पण त्या दिवशी आत अडकलेल्यांना तो केव्हा उघडेल हे माहीत नव्हतं. महाराष्ट्रातलेही पर्यटक त्यांत होते.

आपलं नशीब असं की नेपाळमधून भारतीयाला चालत घरी येता येतं. सुनौली, रक्सौल, रुपईडीहा, बनबसा, पानीटंकी, जोगबनी, सगळीकडे सीमा उघडी. पण उघडी म्हणजे सोपी नव्हे. त्याच दिवसांत सुनौलीकडे येणाऱ्या यात्रेकरूंच्या बसवर दगडफेक झाल्याच्या बातम्या होत्या. म्हणून पेटलेलं असताना रस्त्याने पळ काढू नका. दोन-तीन दिवस आत बसा, कर्फ्यूत सूट मिळाली की निघा. आमची दुसरी वाट लिहिलेली होती: पोखऱ्याहून सुनौली, आठ-नऊ तास धरून, दिवसाउजेडी, पुढे गोरखपूर आणि तिथून मुंबईची रेल्वे. गाडीवाल्याचा नंबर आणि अंदाजे भाडंसुद्धा आधी विचारून ठेवलं होतं.

जुलै २०२४ मध्ये बांगलादेशात इंटरनेट बंद झालं, संचारबंदी लागली, तेव्हा आपले कितीतरी वैद्यकीय विद्यार्थी मेघालयातल्या डावकीवरून आणि आगरताळ्यावरून भारतात आले. ज्यांना आपल्या गावापासून जवळचं नाकं कुठलं हे माहीत होतं, त्यांना नेटची गरज लागली नाही. श्रीलंकेला मात्र जमिनीची वाट नाही. तिथे विमानतळ बंद म्हणजे सगळंच बंद. तेवढ्यासाठी तिथली पारख जास्त कडक ठेवा.

इथे एक गोष्ट मनापासून सांगते. आपण दंगलीला घाबरतो आणि रस्त्याला घाबरत नाही. २३ ऑगस्ट २०२४ला आपल्या जळगाव जिल्ह्यातले, वरणगाव-भुसावळ भागातले यात्रेकरू पोखऱ्याहून काठमांडूला निघाले होते. त्यांची बस तनहुँ जिल्ह्यात मर्स्यांगदी नदीत कोसळली आणि २७ जण गेले. त्याआधीच्या महिन्यात सिमलतालला दरड कोसळून दोन बसगाड्या त्रिशूलीत वाहून गेल्या. तेव्हा नेपाळमध्ये कर्फ्यू नव्हता, आंदोलन नव्हतं; पावसाळा होता. राजकारण शांत आहे म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये आईवडिलांना बसने नेणार असाल तर थांबा. काठमांडू-पोखरा आम्ही विमानाने केलं नाही, छोट्या गाडीने केलं, पण नोव्हेंबरच्या कोरड्या दिवसांत आणि अंधार पडायच्या आत पोचायचं या अटीवर. चालकाला ही अट निघायच्या आदल्या दिवशी सांगा, गाडीत बसल्यावर नको.

८. पैसे कुठे अडकतात ते आधी बघा

लोक धोका पत्करतात तो हौसेने नाही, पैसे बुडू नयेत म्हणून. "एवढे भरलेत, आता जाऊच." हा विचार डोक्यात येऊ नये अशीच आखणी करा. तारीख बदलता येणारं तिकीट घ्या, थोडं महाग पडलं तरी. हॉटेलला पूर्ण पैसे आधी देऊ नका.

प्रवास विम्याची पुस्तिका उघडून तीन शब्द शोधा: युद्ध, दंगल, संप. बहुतेक पॉलिसींमध्ये युद्ध आणि यादवी वगळलेली असते. दंगलीमुळे विमान रद्द झालं तर पैसे मिळतात का, हे कंपनीगणिक बदलतं. फोनवर नको, ई-मेलवर लेखी विचारा. सगळ्यात मोठा सापळा असा, की बातमी आल्यानंतर विमा काढला तर तेच कारण दाव्यात चालत नाही. म्हणून तिकीट काढलं त्याच दिवशी विमा काढायचा. दवाखान्याच्या खर्चाचा भाग मात्र कधीही उपयोगी, तो सोडू नका.

९. सोबत काय हवं

- पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र. विमानाने नेपाळला जाताना एरवी नुसतं आधार कार्ड चालत नाही. १५ वर्षांखालच्या मुलांना आणि ६५ वर्षांवरच्यांना सवलत आहे, तरी पासपोर्ट असेल तर तोच न्या. अचानक दुसऱ्या मार्गाने परतायची वेळ आली तर वाद होत नाही.
- १५ ते १८ वयाच्या मुलांकडे पासपोर्ट नसेल तर मुख्याध्यापकांचं ठरावीक नमुन्यातलं ओळखपत्र.
- सगळ्या कागदांच्या दोन झेरॉक्स, एक दुसऱ्याच्या बॅगेत. एक संच घरी.
- आठ दिवसांच्या सहलीला पंधरा दिवसांची औषधं, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. ही हातातल्या पिशवीत.
- चार दिवस पुरेल एवढी रोकड, नेपाळी रुपयांत. गडबडीत एटीएम रिकामी होतात. भारतीय नोटा कुठल्या आणि किती चालतात याचे नियम बदलत असतात, निघायच्या आठवड्यात तपासा.
- तिथलं सिम कार्ड. आपलं सिम नेपाळमध्ये परदेशी रोमिंगवर चालतं.
- कागदी वही: दूतावासाचे नंबर, लॉजचा पत्ता देवनागरीत, दोन्ही वाटांचा तपशील. फोनमध्ये नकाशा उतरवून ठेवा.

वहीला हसू नका. ४ सप्टेंबरच्या बंदीत फेसबुक, यूट्यूबबरोबर व्हॉट्सॲपही होतं. आपण घरचा सगळा संपर्क त्या एकाच हिरव्या खुणेवर ठेवतो. तेव्हा सरकारकडे नोंदणी केलेलं व्हायबर हे निरोपांचं ॲप चालू राहिलं होतं, आणि नेपाळी लोक ते खूप वापरतात. आम्ही निघण्यापूर्वी ते घेतलं, आणि रोज रात्री नऊला साधा एसएमएस करायचा असं नणंदेशी ठरवलं.

१०. मागे फिरायच्या खुणा घरीच ठरवा

तिथे गेल्यावर मागे फिरायला मन होत नाही. देवळाच्या दारात उभं राहून "परत जाऊ" कोण म्हणेल? म्हणून आम्ही निघायच्या आधी जेवणाच्या टेबलावर लिहिलं: निघायच्या आधीच्या सात दिवसांत काठमांडूत कर्फ्यू लागला तर जायचं नाही. मंत्रालयाने "जाऊ नका" म्हटलं तर जायचं नाही. विमान कंपनीने स्वतः उड्डाणं थांबवली तर तारीख बदलायची. तिथे असताना विमानतळ बंद झाला तर लॉजमध्येच थांबायचं. आणि पाचांपैकी एकाला जरी रात्री झोप लागेना झाली, तर सहल संपली. शेवटची ओळ सासूबाईंनी घालायला लावली. खाली पाचही जणांनी सह्या केल्या.

त्या कागदाचा उपयोग झाला. आम्ही पोखऱ्यात असताना, १९ आणि २० नोव्हेंबरला, 'बारा' नावाच्या जिल्ह्यातल्या सिमऱ्यात दोन गटांत मारामारी होऊन कर्फ्यू लागला. घरून फोनवर फोन. "नेपाळमध्ये कर्फ्यू!" मी नकाशा उघडला. सिमरा खाली तराईत, बीरगंजच्या उत्तरेला, रक्सौलहून वर येणाऱ्या रस्त्यावर. आमच्या रस्त्यावर नाही. आमच्या कागदावर "काठमांडूत कर्फ्यू" लिहिलं होतं, "नेपाळमध्ये" नाही. दाइंना फोन करून गौशाला चौकाचं विचारलं, काठमांडूहून विमानं वेळेवर सुटतायत का ते बघितलं, आणि फेवा तळ्यावर नावेत बसलो. रक्सौलमार्गे आलो असतो तर त्या दिवशी खोलीतच बसलो असतो, आणि तेही बरोबर ठरलं असतं.

११. तरीही काही पेटलंच तर

गर्दी बघायला जाऊ नका, आणि मोबाइल वर करून चित्रण तर अजिबात नको. दोन्ही बाजूंना तुम्ही कोणाचे तरी हेर वाटता. बंद किंवा चक्काजाम जाहीर झाला की आदल्या रात्रीच पाणी, बिस्किटं, फळं आणून ठेवा. विमान त्याच दिवशी असेल तर पहाटे, रस्ते अडवायच्या आधी विमानतळ गाठा. कर्फ्यूत निघणं भागच असेल तर तिकीट आणि ओळखपत्र हातात ठेवा, लॉजवाल्याला पोलिसांशी बोलू द्या. त्याची भाषा आणि ओळख तुमच्या कामी येते. इमारतीला मागचा जिना आहे का, हे पहिल्या दिवशी सामान ठेवायच्या आधी बघा. दूतावासाला नाव, पत्ता, माणसं आणि औषधांची गरज एका निरोपात कळवा, आणि मग त्यांचा फोन आला तर लागेल अशी एकच लाइन मोकळी ठेवा. नातेवाइकांना उत्तरं द्यायचं काम घरच्या एकाच माणसाकडे सोपवा.

आमच्या शेवटच्या सकाळी सासूबाई पशुपतिनाथाच्या पश्चिम दरवाज्यातून आत गेल्या. वहीतली बेलाची पानं नाशिकहून तिथवर थोडी चुरली होती. पुजाऱ्यांनी ती तशीच घेतली. दहाला आम्ही गौशाल्याहून निघालो आणि तिलगंगावरून दहा मिनिटांत विमानतळावर पोचलो.